निरामिष आहार आणि घरची जमीन

गळ्यात तुळशीची माळ घालून पंढरीची वारी धरणाऱ्या शेतकरी कुटुंबांची परंपरा महाराष्ट्रात शतकानुशतके चालत आलेली आहे. माळ घालताना मद्य व मांस वर्ज्य करण्याचा नेम घ्यावा लागतो, आणि एकदा घेतलेला नेम सहसा मोडला जात नाही. घरच्या कर्त्या पुरुषाने माळ घातली की पुष्कळदा घरची चूलच निरामिष होते. मग बायकामुलांनी नेम घेतलेला असो वा नसो. अलीकडे या मंडळींत आणखी काहींची भर पडत आहे. कोणी मधुमेहाच्या किंवा हृदयविकाराच्या भयाने मांस सोडतो, कोणी मुक्या प्राण्यांविषयीच्या करुणेने सोडतो, तर कोणी त्यापुढे जाऊन दूधही वर्ज्य करतो.

या नेमांच्या धार्मिक किंवा नैतिक बाजूविषयी येथे काही लिहावयाचे नाही. ज्याचा त्याने आपल्या मनाशी विचार करून ते ठरवावे. प्रस्तुत लेखाचा विषय त्यानंतरचा आहे. ताटातून एक पदार्थ गेला, त्याच्या जागी काय आले? पुष्कळ घरांत या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे असते. भाकरी तीच, आमटी तितकीच पातळ, आणि एकादशीला साबुदाणा. असा आहार निरामिष खरा, परंतु तेवढ्याने तो आरोग्यदायक होत नाही. निरामिष आहार नीट बांधला असता उत्तम पोषण करतो, यात आता शंका उरलेली नाही. मात्र तो बांधावा लागतो. शेतकऱ्याच्या सुदैवाने त्यासाठी लागणारी बहुतेक सामग्री त्याच्याच रानात पिकू शकते.

काय गेले?

प्रथम नुकसानीचा हिशेब पाहू. आठवड्यातून एकदा माणशी शंभर ग्रॅम मटण खाणाऱ्या घरात त्यापासून सुमारे वीस ग्रॅम प्रथिने मिळतात. आठवड्याच्या सात दिवसांवर ती वाटली तर रोजची तीन ग्रॅमही होत नाहीत. एवढी तूट पंधरा ग्रॅम डाळ, म्हणजे एक लहानशी मूठ, सहज भरून काढते. तेव्हा ‘मांस सोडले की अंगातील बळ जाते’ हा समज अशा घरांपुरता तरी निराधार होय. जेथे रोज अंडी खाण्याची चाल होती, किंवा कोकणात जेथे सुकट-बोंबलाचे कालवण नित्याचे होते, तेथे मात्र तूट मोठी असते आणि ती भरून काढण्यास जाणीवपूर्वक यत्न करावा लागतो.

मांसाबरोबर आणखी दोन गोष्टी जातात आणि त्यांची उणीव लगेच जाणवत नाही. एक, शरीरास सहज शोषून घेता येईल अशा रूपातील लोह. दुसरी, बी-१२ नावाचे जीवनसत्त्व. या दोहोंचा विचार पुढे क्रमाने केला आहे.

ज्वारी आणि तूर: शेतात व ताटात

आपल्या वाडवडिलांनी ज्वारी-बाजरीच्या पाभरीत तुरीचे तास टाकण्याची रीत पाडली. या रीतीने जमिनीचा कस टिकतो हा अनुभव जुना होता. त्याचे कारण मात्र १८८६ साली हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू हवेतील नत्र बांधून ठेवतात, असे त्यांच्या प्रयोगांवरून सिद्ध झाले. हाच नत्र पुढे दाण्यात प्रथिनांच्या रूपाने साठतो. म्हणून ज्वारीच्या दाण्यात प्रथिने शेकडा दहाच्या आसपास, तर तुरीच्या डाळीत शेकडा बाविसाच्या आसपास असतात.

परंतु प्रश्न केवळ प्रमाणाचा नाही. प्रथिने अनेक घटकांची बनलेली असतात आणि त्यांपैकी काही घटक शरीरास बाहेरूनच मिळावे लागतात. तृणधान्यांत लायसीन हा घटक कमी असतो. ज्वारीत तर तो विशेष कमी. डाळींत तो भरपूर असतो. उलट, डाळींत मिथिओनीन हा घटक उणा असतो, तो धान्यांतून मिळतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वरण-भात, डाळ-भाकरी, खिचडी, थालीपीठ हे पदार्थ ज्यांनी प्रथम केले त्यांना हे रसायन ठाऊक नव्हते, परंतु त्यांची जोडी अचूक बसली. शेतात शेजारी उभी राहणारी दोन पिके ताटातही शेजारीच बसावयास हवीत.

ती बसली नाहीत तर काय होते, याचे एक उदाहरण आपल्याच पठारावरचे आहे. ज्वारीशिवाय फारसे काही न मिळणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्रा नावाचा रोग आढळत असे. त्यात उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळे चट्टे पडतात, अतिसार होतो आणि मनाला भ्रम होतो. हैदराबाद येथे संशोधन करणाऱ्या डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली या रोगाचा संबंध ज्वारीतील ल्युसीन या घटकाच्या आधिक्याशी जोडला. यावरून ज्वारीला दोष देणे योग्य नाही. दोष एकट्या ज्वारीवर दिवस काढण्याचा आहे. डाळ, दूध व भाजी यांची जोड असता ज्वारीसारखे धान्य नाही.

दोन क्विंटलांचे गणित

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहारविषयक सूचना नव्याने प्रसिद्ध केल्या. बेताचे श्रम करणाऱ्या माणसासाठी तीत दिलेले रोजचे प्रमाण असे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, शेंगदाणे-तीळ यांसारखे पदार्थ ३५ ग्रॅम, आणि तेल-तूप २७ ग्रॅम. धान्य व डाळ यांचे प्रमाण येथे सुमारे तिनास एक असे पडते. नांगरटी-कापणीचे कष्ट करणाऱ्यास धान्य अधिक लागेल. परंतु भाकरी वाढली तर डाळही त्या प्रमाणात वाढली पाहिजे.

या ताटातून प्रथिने किती मिळतात ते पाहा. ज्वारीची पंचवीस ग्रॅम, डाळीची अठरा, दुधाची दहा, शेंगदाण्याची आठ. एकूण साठाच्या वर. पासष्ट किलो वजनाच्या पुरुषास रोज सुमारे ५४ ग्रॅम आणि पंचावन्न किलो वजनाच्या स्त्रीस सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. मांसाचा एक तुकडाही न खाता ही गरज भागते. पण डाळ ८५ ग्रॅमांऐवजी पंचवीस ग्रॅमच शिजली आणि दूध सगळे डेअरीला गेले, तर हे गणित कोसळते.

आता हाच हिशेब जमिनीच्या भाषेत मांडू. पाच माणसांच्या घरास रोज ८५ ग्रॅमांप्रमाणे वर्षाला सुमारे १५५ किलो डाळी-कडधान्ये लागतील. त्यातील निम्मी तुरीची डाळ धरली, तर तूर भरडताना होणारी घट लक्षात घेऊन सुमारे एकशे दहा किलो तूर लागेल. उरलेली निम्मी मूग, मटकी, चवळी, हरभरा, कुळीथ अशी अख्खी कडधान्ये. सगळे मिळून दोन क्विंटलांच्या आतच काम भागते. कोरडवाहू जमिनीत एकरी तीन क्विंटल उतारा धरला तरी पाऊण एकर पुरे.

तेवढे रानही वेगळे काढावे लागत नाही. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन, किंवा बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक, अशी पद्धत कृषी विद्यापीठांनी शिफारस केलेलीच आहे. उसाच्या नव्या लागणीत पहिले काही महिने सरीच्या बगलेस हरभरा, मूग किंवा भुईमूग घेता येतो. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ हा तुरीचा वाण लवकर येतो. राहुरीचे विजय व दिग्विजय हे हरभऱ्याचे वाण शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. मुख्य गोष्ट एवढीच की, मळणी झाल्यावर घरची दोन पोती प्रथम बाजूस काढावी आणि मग उरलेला माल बाजारात न्यावा. आज अनेक बागाईतदार आपले सर्व उत्पन्न विकून किराणा दुकानातून डाळ आणतात, आणि भाव चढला की सर्वांत आधी आमटीच पातळ होते.

सोयाबीन पिकवणाऱ्याच्या घरी सोयाबीन नाही

विदर्भ व मराठवाड्यात आज लाखो एकरांवर सोयाबीन उभे असते. त्याच्या दाण्यात प्रथिने शेकडा चाळिसाच्या जवळ, म्हणजे तुरीच्या डाळीच्या जवळजवळ दुप्पट. परंतु तेल काढून उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि पिकवणाऱ्याच्या घरी त्यातील एक दाणाही शिजत नाही. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीनचा रोजच्या जेवणात प्रयोग करविला होता आणि ‘हरिजन’ पत्रातून त्याविषयी लिहिले होते. त्या काळी आपल्याकडे हे पीक अपरिचित होते. आज पीक घरोघर आले आणि प्रयोग तेवढा विस्मरणात गेला.

येथे एक खबरदारी सांगितली पाहिजे. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनास अडथळा करणारे द्रव्य असते. ते उष्णतेने नष्ट होते. म्हणून दाणे उकळून, वाळवून आणि भाजूनच दळावे. नऊ किलो गव्हात किंवा ज्वारीत असे एक किलो सोयाबीन मिसळून दळले, तर पोळी-भाकरीच्या चवीत फारसा फरक पडत नाही आणि पिठाचा कस वाढतो.

रक्त, पालेभाजी आणि चहा

पांडुरोग, म्हणजे रक्तातील लाल द्रव्याची उणीव, हा आपल्या घरांतील सर्वांत मोठा व सर्वांत दुर्लक्षित रोग आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि सुमारे दोन तृतीयांश लहान मुले पांडुरोगी आढळली. हा केवळ शाकाहारी घरांचा रोग नाही, मांस खाणाऱ्या घरांतही तो आहेच. परंतु मांस सोडणाऱ्यास अधिक सावध राहणे प्राप्त आहे. कारण धान्य-भाजीतील लोह शरीरात कमी शोषले जाते.

यावरचे उपाय स्वयंपाकघरातच आहेत. जेवणात लिंबाची फोड, आवळा किंवा पेरू असावा. त्यांतील क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते. मटकी-मूग मोड आणून शिजवावे, म्हणजे लोह अडवून धरणारे द्रव्य कमी होते. जेवणाबरोबर किंवा जेवण होताच चहा घेऊ नये. चहातील तुरट द्रव्य लोह बांधून टाकते. भाजी लोखंडी कढईत शिजवावी. पेरणीच्या वेळी वाणाचाही विचार व्हावा. २०१२ साली महाराष्ट्रासाठी प्रसारित झालेल्या ‘धनशक्ती’ या बाजरीच्या वाणात किलोमागे सुमारे सत्तर मिलिग्रॅम लोह आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली दिलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाणही लोह व जस्त यांनी संपन्न आहे.

पालेभाजीचे महत्त्व मुंबईतच प्रथम उघड झाले असे म्हणावयास हरकत नाही. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईस आली व गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या एका विशिष्ट पांडुरोगाचा शोध करू लागली. यीस्टच्या अर्काने हा रोग बरा होतो असे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्यास फोलिक आम्ल म्हणू लागले. मेथी, माठ, चाकवत, शेवगा, अंबाडी यांची एक वाफ परसात बारमाही ठेवणे कोणत्याही शेतकऱ्यास अशक्य नाही. विहिरीच्या पाटाचे सांडपाणी तिला पुरते.

जे जमिनीत पिकत नाही

येथवर सांगितलेले सर्व काही शेतात पिकते. बी-१२ मात्र कोणत्याही पिकात नाही. ते केवळ सूक्ष्म जंतू तयार करतात. गाई-म्हशींच्या पोटातील जंतू चाऱ्यातून येणाऱ्या कोबाल्ट या धातूच्या अंशापासून ते बनवतात, आणि तेथून ते दुधात व मांसात उतरते. माणसाच्या मोठ्या आतड्यातही असे जंतू असतात, परंतु हे जीवनसत्त्व शोषले जाते ती जागा त्याच्या अलीकडे राहते. म्हणून त्यांचा उपयोग होत नाही. १९४८ साली इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत ते स्फटिकरूपाने प्रथम हाती आले. त्यापूर्वीच्या पिढ्यांना त्याचे नावही ठाऊक नव्हते.

याची उणीव फसवी असते. यकृतात त्याचा साठा असल्यामुळे आहार बदलल्यावर दोन-चार वर्षे काहीच जाणवत नाही. नंतर थकवा येतो, जीभ लाल होऊन दुखते, हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, स्मरण कमी होते. वयाचा परिणाम म्हणून घरचे दुर्लक्ष करतात, आणि उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी भरून येत नाही. मातेच्या शरीरात ते नसेल तर अंगावर पिणाऱ्या मुलाची वाढ खुंटते.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास चालविला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, ज्या स्त्रियांच्या आहारात दूध, पालेभाजी व फळे अधिक होती त्यांची मुले जन्मतः अधिक चांगल्या बांध्याची होती. २००८ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात बी-१२ कमी होते. आणि ज्यांच्या रक्तात बी-१२ कमी पण फोलिक आम्ल अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे सर्वांत अधिक दिसली. म्हणजे पालेभाजी व फोलिक आम्लाची गोळी आवश्यक असली तरी ती एकटी पुरी पडत नाही. तिच्या जोडीस बी-१२ हवेच. ज्या घरांतील या स्त्रिया होत्या ती आपल्यासारखीच शेतावर राबणारी घरे होती, हे विसरता कामा नये.

म्हणून माळकरी घराने दुधाचा नियम बांधून घ्यावा. माणशी तीनशे मिलिलिटर धरले तर पाच जणांस दीड लिटर होते. धार काढल्यावर हे दीड लिटर आधी घरात ओतावे, मग किटली डेअरीला न्यावी. सून व लेकी यांच्या वाट्यास दूध येते की नाही हे घरच्या वडील मंडळींनी स्वतः पाहावे. पुष्कळ घरांत ते कर्त्यांच्या चहात व मुलग्यांच्या पेल्यात संपते. दूध फार वेळ आटवू नये, त्याने या जीवनसत्त्वाचा काही भाग नष्ट होतो. शिवाय तीनशे मिलिलिटर दुधाने रोजच्या गरजेचा निम्म्याच्या आसपासच भाग भागतो. म्हणून मांस व अंडी सोडून काही वर्षे झालेल्यांनी, आणि गरोदर स्त्रियांनी तर अवश्य, रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. ही गोळी जंतूंच्या साहाय्याने तयार होते. नेमाला तिने बाध येत नाही.

दूधही सोडणाऱ्यांस

दूध-तूपही वर्ज्य करणाऱ्यांचा पंथ इंग्लंडात १९४४ साली ‘व्हीगन’ या नावाने संघटित झाला. आपल्याकडे गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते. १९१८ साली आमांशाने अंथरूण धरल्यावर प्रकृती सावरेना, तेव्हा अखेर त्यांनी शेळीचे दूध घेतले आणि आपल्या व्रतास बाध आला याची खंत त्यांना जन्मभर राहिली. दुधास तोडीचा वनस्पतिज पदार्थ ते शोधत राहिले. आज दूध न घेताही निरोगी राहणे शक्य आहे. मात्र ज्ञानाच्या जोरावर, नुसत्या निश्चयाच्या जोरावर नव्हे. अशा माणसाने बी-१२ ची गोळी नियमित व आजन्म घेतलीच पाहिजे. चुन्याच्या अंशासाठी नाचणी, तीळ व राजगिरा रोजच्या आहारात हवेत. सोयाबीन व शेंगदाणे यांचा हात सैल सोडावा. वाढत्या मुलांवर व गरोदर स्त्रियांवर हा नेम वैद्यकीय देखरेखीशिवाय लादू नये.

उपवासाविषयी दोन शब्द. साबुदाणा हा कंदाचा निव्वळ पिष्टमय भाग आहे. त्यात प्रथिने जवळजवळ नाहीत. महिन्यातील दोन एकादशांना भगर, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, ताक व फळे यांचा फराळ केला तर उपवासही घडतो आणि शरीरही राहते. तळलेले पदार्थ व साखर निरामिष असली तरी पथ्यकर नाहीत, हेही मधुमेहाच्या भीतीने मांस सोडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

सारांश, मांस सोडणे हा एका दिवसाचा निश्चय आहे. त्याच्या जागी योग्य अन्न आणणे हे वर्षभराचे काम आहे. येत्या खरिपाची आखणी करताना बियाण्याच्या यादीत घरच्या दोन क्विंटल डाळी-कडधान्यांची ओळ पहिली लिहावी, परसात पालेभाजीची एक वाफ धरावी, आणि धारेच्या वेळी दीड लिटरचे माप चुलीजवळ ठेवावे. घरातील गरोदर सुनेचे व वाढत्या नातवंडांचे रक्त कसे राहील, ते या तीन गोष्टींवर पुष्कळ अंशी अवलंबून आहे.